अदृश्य द्रवाचा हिशेब

द्रव पदार्थ भांड्याच्या तळाशी राहतो, ही गोष्ट पृथ्वीवर जन्मलेल्या माणसाला कोणी शिकवावी लागत नाही. ती इतकी अंगवळणी पडलेली असते की तिला ज्ञान म्हणावे हेही आपल्याला सुचत नाही. अवकाशयानाच्या टाक्यांमध्ये इंधन कसे हिंदकळते याचा अभ्यास करणाऱ्या, दक्षिणेतील एका शासकीय केंद्राच्या लहानशा शाखेत माझी नेमणूक झाली तेव्हा हेच ज्ञान प्रथम बाजूला ठेवावे लागले, आणि पुढे सेवानिवृत्तीपर्यंत ज्या प्रश्नाने माझा पिच्छा पुरवला तो वरवर पाहता अगदीच बाळबोध होता: या क्षणी द्रव टाकीत नेमका कोठे आहे?

या प्रश्नाचे गांभीर्य बाहेरच्या माणसाला पटवून देणे सोपे नव्हते. ॲक्रिलिकच्या पारदर्शक टाक्या, त्यांत रंगीत पाणी, खाली त्या टाक्यांना मोजूनमापून हेलकावे देणारा कंपनमंच आणि भोवती वह्या घेऊन उभे असलेले आम्ही, असा आमच्या प्रयोगशाळेचा एकंदर देखावा असे. रजेवर गावी गेलो असता माझ्या एका वृद्ध आत्याने कामाची चौकशी केली आणि मी जमेल तसे वर्णन केले, तेव्हा क्षणभर विचार करून ती म्हणाली, "म्हणजे एवढं शिकून तू पाणी हलवतोस, आणि सरकार तुला त्याचा पगार देतं?" या व्याख्येत दुरुस्ती करण्याजोगे मला आजतागायत काही सापडलेले नाही.

अवकाशयान म्हणजे यंत्रांची एक पेटी आणि तिला जोडलेली इंधनाची टाकी, अशी जी सर्वसाधारण समजूत असते ती या धंद्यात उलटी करून घ्यावी लागते. भूस्थिर कक्षेकडे निघालेल्या दळणवळण उपग्रहाचे उड्डाणसमयीचे निम्म्याच्या आसपास वजन मोनोमिथाइल हायड्राझिन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे या दोन विषारी द्रवांचे असते. २०१३ साली मंगळाकडे निघालेल्या भारतीय यानाच्या १३३७ किलोग्रॅम वजनापैकी ८५२ किलोग्रॅम इंधनाचेच होते. तेव्हा आपण अंतराळात पाठवतो तो बहुतांशी द्रवच असतो, आणि त्याच्या सोबतीला थोडी यंत्रसामग्री जाते. या बहुसंख्याक प्रवाशाने आपल्या मर्जीने हालचाल आरंभली, तर अल्पसंख्याकांना तिची दखल घेण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

मराठवाड्यातील दुष्काळी गावांना पाणी पुरवणारे टँकर ज्यांनी जवळून पाहिले आहेत त्यांना यातील अर्धे शास्त्र आधीच अवगत असते. पूर्ण भरलेला टँकर निमूट चालतो, रिकामाही चालतो. परंतु अर्धा भरलेला टँकर घाटाच्या वळणावर चालकाचे ऐकेनासा होतो, कारण आतल्या पाण्याचे वळण गाडीच्या वळणानंतर किंचित उशिराने सुरू होते आणि उशिरानेच संपते. म्हणून जाणता कारागीर टाकीच्या आत भोके पाडलेले आडवे पत्रे बसवतो. अग्निबाणांच्या टाक्यांत भिंतीलगत जी कडी बसवतात, ज्यांना आम्ही बॅफल म्हणतो, त्यांचे प्रयोजन याहून निराळे नाही; आणि ती कडी नसल्याचे परिणामही जगाने पाहिले आहेत. १९५७ साली अमेरिकेच्या ज्युपिटर क्षेपणास्त्राचे एक प्रारंभीचे उड्डाण इंधनाच्या हिंदकळण्याने मोडले. पुढे पन्नास वर्षांनी, मार्च २००७ मध्ये, फाल्कन-१ या अग्निबाणाचा दुसरा टप्पा कक्षेच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचून द्रवरूप ऑक्सिजनच्या हेलकाव्यांनी गरगरू लागला आणि हातचा गेला. त्या टाकीत कडी बसवलेली नव्हती. हे धडे पुस्तकात होते. १९६६ साली एच. नॉर्मन अब्रॅमसन यांनी संपादिलेला, हलत्या पात्रांतील द्रवांच्या गतिविषयक वर्तनाचा नासाचा जाडजूड ग्रंथ आमच्या ग्रंथालयात होता. त्याची बांधणी उसवलेली होती, आणि काही पाने इतक्या हातांखालून गेली होती की समीकरणांतील घातांक पुसट होऊन पेन्सिलीने पुन्हा लिहिलेले होते. ते घातांक कोणी लिहिले हे कोणालाच ठाऊक नसल्यामुळे प्रत्येक नवागताला ते स्वतः पडताळून पाहावे लागत, आणि माझ्या मते त्या ग्रंथाचा खरा उपयोग तोच होता.

या ग्रंथातील मध्यवर्ती युक्ती फार सुंदर आहे. टाकीतील द्रवाच्या कोट्यवधी कणांचा विचार करण्याऐवजी, द्रवाचा काही भाग टाकीला खिळलेला आहे आणि उरलेला भाग म्हणजे टाकीत टांगलेला एक लंबक आहे, असे मानावे. मग यानाच्या नियंत्रणाची आखणी करणाऱ्यांना द्रव विसरून केवळ एका लंबकाशी व्यवहार करता येतो. एक मीटर व्यासाच्या नळकांडीवजा टाकीत, जमिनीवर, हा लंबक सुमारे एका सेकंदात एक झोका पुरा करतो. तीच टाकी एक हजार किलोग्रॅम वजनाच्या यानात बसवली आणि ४४० न्यूटन बलाचे इंजिन पेटवले, तर आतल्या द्रवाला जाणवणारे गुरुत्व पृथ्वीवरच्या गुरुत्वाच्या विसाव्या हिश्श्याहूनही थोडे कमी असते आणि झोका पाच सेकंदांचा होतो. इथवर सर्व काही हिशेबात बसते. इंजिन बंद केले की मात्र लंबकाचे राज्य संपते, आणि इतका वेळ ज्याची कोणी दादही घेतली नव्हती अशा पृष्ठताणाचा अंमल सुरू होतो.

पृष्ठताण जमिनीवरही असतोच, परंतु त्याची सत्ता दोन-तीन मिलिमीटरांपुरती चालते. अळवाच्या पानावरचा थेंब गोल राहतो आणि घागरीतले पाणी सपाट राहते, यातला फरक तेवढाच. गुरुत्व दशलक्षांशावर आले की हीच सत्ता मीटरभर रुंदीच्या टाकीवर पसरते. मग द्रव तळ सोडून भिंतींना बिलगतो, वायूचा बुडबुडा मध्यभागी तरंगू लागतो, आणि झोक्याचा काळ सेकंदांवरून मिनिटांवर जातो. जे बल आपण हिशेबातून नगण्य म्हणून खोडले होते तेच सर्वाधिकारी होऊन बसते, आणि तेही कोणत्याही बलाने वाढण्याचे श्रम न घेता, केवळ दुसरे निघून गेल्यामुळे. या एका गोष्टीने मला जितके विचारात पाडले तितके अन्य कशाने पाडले नाही. कोणत्याही कागदावर 'नगण्य' हा शब्द दिसला की 'कशाच्या मानाने?' असे समासात लिहिण्याची जी खोड मला लागली, आणि जिच्यापायी काही सहकारी माझ्यावर नाराजही झाले, ती तेव्हापासूनची.

या भारहीन द्रवाच्या लहरीची किंमत फार पूर्वी मोजली गेली होती. डिसेंबर १९६४ मध्ये सेंटॉर या अमेरिकी टप्प्याचे इंजिन पहिल्या प्रज्वलनानंतर बंद झाले. मधल्या काळात द्रवरूप हायड्रोजन तळाशी धरून ठेवण्यासाठी योजलेला अल्पसा रेटा अपुरा पडला, द्रव टाकीच्या वरच्या टोकाकडे सरकला, वायू सोडण्यासाठी असलेल्या वाटेने बाहेर पडू लागला, आणि संपूर्ण टप्पा कोलांट्या घेऊ लागला. त्यानंतर दीड वर्षाने, जुलै १९६६ मध्ये, सॅटर्नच्या एका उड्डाणात हायड्रोजनच्या टाकीच्या आतच दूरचित्रवाणीचे कॅमेरे बसवून कक्षेतील द्रवाचे निरीक्षण करण्यात आले. आमच्या कोणत्याही टाकीत कॅमेरा कधी गेला नाही. टायटॅनियमच्या गोळ्यात काय चालले आहे ते बाहेरच्या चार-दोन खुणांवरून ताडावे, हाच आमचा शिरस्ता होता.

जमिनीवर भारहीनता हवी असेल तर वस्तू खाली सोडून देणे हा एकच प्रामाणिक उपाय आहे. क्लीव्हलंड येथील विवरात १३२ मीटर पडताना ५.१८ सेकंद मिळतात, ब्रेमेनच्या मनोऱ्यात ४.७४ सेकंद, आपल्याकडे चेन्नईच्या आय. आय. टी. मध्ये अडीच सेकंदांचा मनोरा आहे. मिनिटांचा झोका सेकंदांत कसा पाहावा, असा प्रश्न येथे साहजिकच उपस्थित होतो, आणि त्याचे उत्तर असे की टाकी लहान करावी. कारण पृष्ठताणाच्या अमलाखालील द्रवाला आपला आकार बदलण्यास लागणारा वेळ त्रिज्येच्या दीडाव्या घाताने वाढतो. मीटरभर टाकीत जे घडायला मिनिट लागते ते चार सेंटिमीटरांच्या पात्रात अर्ध्या सेकंदात उरकते. अशा चिमुकल्या पात्रांच्या पतनप्रयोगांचे चित्रण मी कितीतरी वेळा एकेक चौकट पुढे सरकवत पाहिले आहे. पात्र सुटते, सपाट पृष्ठभाग क्षणभर गोंधळल्यासारखा थरथरतो, मग कडा भिंतीवर चढू लागतात, मध्य खाली खचतो, आणि द्रव आपला नवा आकार धारण करीत असतानाच पात्र खालच्या थर्मोकोलच्या मण्यांत आदळते. पुढे काय झाले असते, हे नेहमीच शिल्लक राही.

तथापि अल्पगुरुत्वातील द्रव केवळ उपद्रवीच असतो असे नव्हे. त्याची मर्जी ओळखली तर तोच सांगाल तेथे येऊन उभा राहतो. १९६९ च्या सुमारास पॉल काँकस आणि रॉबर्ट फिन या दोन गणितज्ञांनी असे सिद्ध केले की दोन भिंतींच्या खाचेचा अर्धकोन आणि द्रवाचा भिंतीशी होणारा स्पर्शकोन यांची बेरीज काटकोनाहून कमी असेल, तर गुरुत्वाच्या अभावी द्रव त्या खाचेतून अखंड पुढे चढत जातो. हायड्राझिनवर्गीय इंधने टायटॅनियमला जवळजवळ शून्य कोनाने भिजवतात; म्हणून टाकीच्या आत भिंतीलगत पातळ पाती अशी बसवतात की त्यांच्या खाचांतून द्रव आपण होऊन निकासाच्या तोंडाशी यावा. यात हलणारा भाग एकही नसतो, वीज लागत नाही, झीज होत नाही. याच तत्त्वावर डॉन पेटिट या अंतराळवीराने २००८ साली अंतराळ स्थानकात एका प्लास्टिकच्या तुकड्याला पेल्याचा आकार देऊन कॉफी प्राशन केली, हे कळले तेव्हा आमच्या शाखेत जो आनंद पसरला तो उड्डाण यशस्वी झाल्यानंतरच्या आनंदाहून फारसा उणा नव्हता. अभियांत्रिकीत सौंदर्य कोठे आहे असे मला कोणी विचारले तर मी या पात्यांकडेच बोट दाखवीन.

माझ्या कारकिर्दीला वळण देणारा प्रसंग मात्र प्रयोगशाळेत नव्हे, एका बैठकीत घडला. एका नव्या टाकीतील द्रवाचे हेलकावे किती लवकर शमतात, म्हणजे ज्याला डॅम्पिंग म्हणतात ते किती, हे नियंत्रण शाखेला कळवायचे होते. त्यांचे प्रमुख तडफदार गृहस्थ होते. मुदत जवळ आलेली होती. त्यांनी सरळ विचारणा केली की आकडा काय लिहू? आमचे शाखाप्रमुख तमिळ होते, बोलत कमी आणि सावकाश. ते म्हणाले, "एकच आकडा हवा असेल तर कोणताही लिहा. खरा हवा असेल तर दोन लिहावे लागतील." त्यावर बराच गदारोळ झाला, टाळाटाळीचा आरोप झाला, आणि बैठक तहकूब करण्यात आली.

दोन आकडे देणे म्हणजे जबाबदारीतून अंग काढून घेणे, असे त्या खोलीतील अनेकांना वाटले असावे. प्रत्यक्षात जे काम माझ्या अंगावर आले त्याने रजा, सण, झोप सर्वच गिळले, कारण एक आकडा काढायला एक प्रयोग पुरतो, पण दोन टोके काढायची तर प्रत्येक टोकाचे समर्थन करावे लागते. खालचे टोक गुळगुळीत भिंतीच्या आणि द्रवाच्या चिकटपणाच्या गणितातून येई. त्यात तापमान मिसळे, कारण थंड द्रव अधिक चिकट. वरचे टोक प्रयोगांतून येई. त्यात पात्यांची अडवणूक मिसळे, भरणा किती यावर ती बदले, शिवाय प्रयोगातले पाणी म्हणजे इंधन नव्हे हा आक्षेप होताच. अखेरीस आम्ही जी मर्यादा कळवली तिच्या दोन टोकांत तिपटीचे अंतर होते. नियंत्रण शाखेने कुरकुर केली, परंतु संपूर्ण पट्ट्यात स्थिर राहील अशी रचना त्यांनी केली; आणि त्या तडफदार गृहस्थांनीच पुढील प्रकल्पात, आम्ही न सांगता, आपल्या मागणीपत्रात 'किमान व कमाल' असे शब्द घातले. ते मागणीपत्र आमच्या शाखाप्रमुखांनी दफ्तरात न ठेवता काही दिवस मेजावरच ठेवले होते.

उड्डाणानंतरची जागरणे हासनच्या नियंत्रण केंद्रात होत. कक्षा उंचावण्यासाठी मोठे इंजिन पेटवण्याआधी लहान थ्रस्टर चालवून द्रव टाकीच्या बुडाशी आणावा लागतो, मग मुख्य प्रज्वलन, आणि ते संपताच सर्वांच्या दृष्टीने काम झालेले असते. आमचे तेव्हा सुरू होई. पडद्यावर यानाच्या अंगगतीची रेघ उमटे. इंजिन थांबल्यावर तिच्यात एक मंद, लांब लाट दिसे. ती दिसताच नियंत्रकाचा हात थ्रस्टरकडे जाणे स्वाभाविक होते, आणि नेमके तेच टाळायचे असे. कारण थ्रस्टरचा प्रत्येक ठोका अवेळी पडला तर झोक्याला पुन्हा धक्का देतो, आणि जी लाट आपोआप विरली असती ती चालूच राहते. अशा वेळी कार्यक्रमपत्रिकेत ठेवलेला 'थांबणे' हा टप्पा फार कठीण जाई. एका रात्री एका तरुण सहकाऱ्याने कंटाळून विचारले, "सर, आपण काहीच करत नाही, मग इथे बसलोय कशाला?" मी त्याला लाटेच्या शिखरांमधले अंतर मोजायला बसवले. ते आमच्या वर्तवलेल्या मर्यादेत, पण खालच्या टोकाच्या बरेच जवळ, भरले. पहाटेपर्यंत त्याने त्या एका रेघेवरून टाकीतील द्रवाचा आकार, बुडबुड्याची जागा आणि शमनाचा वेग असा तिहेरी अंदाज मांडला होता. तो पुढे माझ्याहून सरस निघाला.

द्रव उपकरणांनाही कसा चकवतो याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण चंद्रावरचे आहे. २० जुलै १९६९ रोजी अपोलो-११ चे अवतरण चालू असताना इंधन संपत आल्याचा दिवा अपेक्षेपेक्षा आधी लागला, कारण हेलकाव्यामुळे पातळी मोजणारा संवेदक काही काळ उघडा पडला होता. इंधन दिवा सांगत होता त्याहून अधिक होते. पुढील मोहिमांत यासाठी टाकीत पडदे घालण्यात आले. याच्या उलट जातीचे उदाहरण १९५८ च्या एक्सप्लोरर-१ चे. त्यात द्रवाचा संबंध नव्हता, लवचिक अँटेनांचा होता. त्यांच्या थरथरीत ऊर्जा खर्ची पडत गेली आणि आपल्या लांब अक्षाभोवती फिरण्यासाठी सोडलेले यान काही तासांतच आडवे होऊन फिरू लागले. फिरत्या यानातील द्रव हाच उद्योग अधिक सफाईने करतो, म्हणून आम्हा मंडळींना हे उदाहरण आपलेच वाटे.

शेवटचा मुद्दा शिलकीचा. दोन टनी भूस्थिर उपग्रहाला आपल्या जागी राहण्यासाठी वर्षाकाठी तीस-पस्तीस किलोग्रॅम इंधन लागते, आणि आयुष्य संपताना सुमारे तीनशे किलोमीटर वर सरकून वाट मोकळी करून देण्यासाठी आणखी काही किलोग्रॅम राखून ठेवावे लागते. तेव्हा टाकीत किती उरले, याचे उत्तर म्हणजे उपग्रह किती महिने कमाई करील याचे उत्तर होय. दुर्दैव असे की हा हिशेब अखेरीस सर्वांत कच्चा असतो. प्रत्येक ठोक्याला खर्ची पडलेले इंधन वजा करत गेले तर वर्षानुवर्षांच्या लहान चुका साचतात; दाब आणि तापमानावरून काढावे तर टाकी जवळजवळ रिकामी असताना किलोभर कमीजास्त झाल्याने दाबात पडणारा फरक इतका सूक्ष्म असतो की उपकरणाच्या त्रुटीत तो बुडून जातो. शिवाय पात्यांना आणि भिंतींना चिकटून राहिलेला, कधीच बाहेर न येणारा वाटा असतोच.

एका उपग्रहाच्या सेवासमाप्तीच्या वेळी लेखाशाखेकडून एक नमुना भरून मागवण्यात आला, ज्यात 'शिल्लक इंधन (किलोग्रॅम)' असा एक रकाना होता. मी मर्यादा लिहिली. नमुना 'एकच आकडा द्यावा' या शेऱ्यानिशी परत आला. मी पुन्हा मर्यादा लिहिली आणि चार पानांचे परिशिष्ट जोडले. तोही परत आला. तिसऱ्या खेपेस मी स्वतः त्या कार्यालयात गेलो. तेथील अधीक्षक निवृत्तीला आलेले, कनवाळू गृहस्थ होते. त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि म्हणाले, "अहो, पण टाकीत असेल ते एवढंच असेल ना? एकाच वेळी कमी आणि जास्त कसं असेल?" मी म्हटले की टाकीत एकच आकडा आहे यात शंका नाही, पण तो टाकीलाच ठाऊक आहे. ते हसले, आणि पुढच्या वर्षीच्या नमुन्यात त्या रकान्याचे खरोखरच दोन रकाने झाले. पहिल्या वर्षी बहुतेक शाखांनी दोन्ही रकान्यांत एकच आकडा भरून पाठवला.